भाव चढेल तेव्हा माल कोणाच्या घरात?

२०१२ ला आखाजी २४ एप्रिलला होती. आखाजीच्या सांजेला भेंडवळला शेतात घट मांडतात. अठरा धान्यं गोल ठेवायची, मधात खड्डा, त्यात चार ढेकळं म्हणजे पावसाचे चार महिने, वर पाण्यानं भरलेला करवा. पहाटे कोणतं धान्य जागेवर राहिलं, कोणतं सांडलं, ते पाहून पाऊस, पीक अन् भाव सांगतात. दुसऱ्या दिवशी वरवट बकालच्या हॉटेलात दुसरं बोलणंच नसते.

ज्याला मानायचं त्यानं मानावं, आमचं त्याच्याशी भांडण नाही. पण भावांनो, बायांनो, एक विचारतो. कापूस चढणार हे आधी कळलं, तरी तोवर आपल्या घरात कापूस राहतो का?

मागचंच घ्या. २०११ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कापूस सात हजारापर्यंत गेला. आपल्यापैकी बहुतेकांनी तो दिवाळीच्या आसपासच खेडा खरेदीवाल्याला देऊन टाकला होता, कारण बियाण्याची उधारी होती. मग सात हजार ऐकून सगळ्यांनी कापूसच पेरला. तो निघाला तेव्हा भाव चार हजाराच्या आसपास. २०१२ ला ५ मार्चला दिल्लीनं निर्यात बंद केली अन् आठवडाभरात बंदी मागं घेतली. हे कोणत्या घटात दिसलं असतं?

हे चक्र जुनंच आहे. १८६१ ला अमेरिकेत आपसात लढाई लागली, विलायतेच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, तर आपल्या वऱ्हाडच्या कापसाचा भाव आभाळाला भिडला. १८६५ ला लढाई संपली अन् भाव कोसळले. मुंबईत कंपन्या बुडाल्या, बँका बुडाल्या. कास्तकाराच्या डोक्यावर मात्र साराही राहिला अन् सावकारही. सारा इंग्रजाला रोख रुपयातच पाहिजे, तोही ठरल्या तारखेला. रुपया घरात नाही म्हणजे पीक निघाल्याबरोबर विका, पडेल त्या भावात. पैसा गावात असा आला. आपल्या बाजूनं तो आलाच नाही म्हणा. जंगलात तर किती वर्षं मिठाच्या वजनानं चारोळी दिली आपल्या म्हाताऱ्यांनी.

सुगीत भाव पडतो, पुढं चढतो. हे भाकीत आपल्या आजीलाही येते, त्याला घट लागत नाही. लागते ती थांबायची ताकद. ज्याच्याजवळ सातबारा आहे त्याला बँकेचं पीककर्ज भेटते, तो थोडा थांबू शकतो. वनजमीन कसणाऱ्याला काय? माझ्या ओळखीच्या एका घरी पट्टा हातात आला, तरी बँकेत म्हणाले, हा विकता येत नाही, मग तारण काय ठेवता? बरं, विकता येत नाही म्हणून तर ती जमीन आपल्याजवळ राहील, हे त्यांना कोण सांगणार.

म्हणून १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असलेल्यांचे राहिलेले दावे आधी पुरे करा. अन् फक्त वैयक्तिक दाव्यावर थांबू नका, सामूहिक दावाही टाका. वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(ग) नं गौण वनउपज गोळा करणं, वापरणं, विकणं हा आपला हक्क आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला २०११ च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतूक पासाचं पुस्तक भेटलं. आता बांबू कधी विकायचा, कोणाला विकायचा, ते गाव ठरवते.

आपल्याकडं सुरुवात चारोळीनं करावी असं माझं मत आहे. मोहाची साठवण केली तर २०२१ पर्यंत दारूबंदीचा कायदा आडवा यायचा. चारोळी न फोडता वाळवून ठेवली तर टिकते. पण ज्याच्या घरी आज मीठ-मिरचीला पैसा नाही तो थांबेल कशावर? त्याला ग्रामसभेच्या पेटीतून थोडी उचल द्यावी लागेल, नाहीतर तो व्यापाऱ्याकडंच जाईल अन् त्यात त्याचा दोष नाही.

१ मेच्या ग्रामसभेत दोन ठराव घ्या, एक सामूहिक दाव्याचा अन् एक या पेटीचा. कोरम भरला पाहिजे, बाया पाहिजेत. ठरावाची नक्कल सही-शिक्क्यासह आपल्याजवळ ठेवा.