निवृत्तीचा पैसा सोन्यात घालताय? आधी हिशोब मांडा

एप्रिल २०२५ मध्ये सोन्याने दहा ग्रॅमला एक लाखाचा टप्पा ओलांडला आणि तेव्हापासून गावोगाव पारावर एकच सल्ला ऐकू येतो, 'पैसा असंल तर सोन्यात घाला.' सेवेतून निवृत्त झालेले ग्रामसेवक, तलाठी, गुरुजी आणि रस्त्यात जमीन गेल्याने मोबदला हाती आलेले शेतकरी यांना तर हा सल्ला रोजच मिळतो. सल्ला अगदीच खोटा नाही. पण हा पैसा आयुष्यात एकदाच येतो. तो चुकला तर पुढच्या हंगामात भरून निघत नाही.

पहिली चूक म्हणजे भाव चढताच राहील, असे धरून चालणे. २०१२ मध्ये सोने दहा ग्रॅमला तीस हजारांच्या वर होते. २०१५ मध्ये ते २६ हजारांच्या आसपास उतरले. जुना भाव पुन्हा टिकून दिसायला २०१८ उजाडावे लागले. चांदीची गत याहून वाईट. एप्रिल २०११ मध्ये किलोला ७० हजारांच्या पुढे गेलेली चांदी काही दिवसांतच जोरात आपटली. तो भाव परत यायला २०२० साल लागले. साठीतल्या माणसाने नऊ वर्षे थांबायचे कसे? शिवाय घरातले सोने दरमहा व्याज देत नाही. दवाखान्याचा खर्च मात्र भावाची वाट पाहत नाही.

दुसरी चूक म्हणजे दागिन्याला गुंतवणूक समजणे. एक लाखाचे सोने आणि १२ टक्के मजुरी धरा. झाले १ लाख १२ हजार. त्यावर ३ टक्के जीएसटी, म्हणजे बिल १ लाख १५ हजार ३६०. उद्या मोडायला गेलात तर मजुरी आणि कर दोन्ही गेले, वर घट कापली जाते ती वेगळीच. म्हणजे भाव पंधरा टक्के वाढला तरी तुम्ही जेमतेम मुद्दलावर येता. बँकेतून नाणे घ्यायचे असेल तर एक ध्यानात ठेवा, बँक नाणे विकते, परत विकत घेत नाही.

तिसरी चूक पारखीची. बियाण्याची पिशवी घेताना आपण टॅग आणि लॉट नंबर पाहतो, पक्की पावती मागतो. सोन्याला तोच नियम लावा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी क्रमांक सक्तीचा आहे. तो 'बीआयएस केअर' या मोबाईल ॲपवर तपासता येतो. २२ कॅरेटवर ९१६ आणि १८ कॅरेटवर ७५० असा आकडा असतो. 'बिल नको, कर वाचवा' असे कोणी म्हणाले तर तिथून उठा.

चौथी चूक सर्वांत महागात पडते. जादा परताव्याच्या आमिषाने पेढीत ठेव ठेवू नका. बँकेतील ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, सराफाकडच्या भिशीला नसतो. मोबाईलवर मिळणारे 'डिजिटल सोने' आपल्या नियंत्रणाखाली येत नाही, असा इशारा सेबीने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला आहे. सरकारी सुवर्ण रोख्यांची नवी मालिका फेब्रुवारी २०२४ नंतर निघालेली नाही, तेव्हा 'नवे रोखे मिळवून देतो' म्हणणाऱ्यापासून सावध राहा. कागदी सोने हवेच असेल तर सेबीच्या नियमाखालील गोल्ड ईटीएफ आहे. मात्र त्यासाठी डीमॅट खाते लागते आणि भावाची जोखीम तिथेही असतेच.

मग करावे काय? आधी कर्ज फेडा. वर्षभराचा घरखर्च आणि औषधपाण्याचा पैसा बँकेत ठेवा. साठी ओलांडलेल्यांसाठी पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. तिचे व्याज दर तीन महिन्यांनी मिळते, मर्यादा ३० लाखांची. चालू दर पोस्टात विचारून घ्या. यातून उरेल त्यातलेच थोडे सोन्यात घाला. माझ्या मते एकूण पुंजीच्या दहा-पंधरा टक्क्यांपुढे जाऊ नये, आणि तेही एकदम न घेता वर्षभरात चार-पाच वेळा घ्यावे. चांदी त्याहून कमी.

सगळ्या रानात एकच पीक घेतले आणि भाव पडला की काय होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हातारपणाच्या पुंजीलाही तोच न्याय लावा. आणि सोने कुठे ठेवले आहे, पावत्या कुठे आहेत, हे घरच्या कारभारणीला जरूर सांगून ठेवा.