फिशटँकचा भार आणि शंभरीची तुळई

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर म्हाडाचे इमारत दुरुस्ती मंडळ मुंबईतल्या अतिधोकादायक उपकरप्राप्त इमारतींची यादी जाहीर करते. यादीत आपल्या इमारतीचे नाव नसले की रहिवासी निर्धास्त होतात. मात्र आपल्या खोलीतल्या जमिनीवर आपणच किती वजन ठेवले आहे, हा हिशेब क्वचितच कोणी करतो.

हौसेने आणलेला फिशटँकच घ्या. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टँकमध्ये सुमारे २५५ लिटर पाणी मावते, म्हणजे नुसत्या पाण्याचेच २५५ किलो. काच, वाळू, दगड आणि स्टँड धरले की आकडा साडेतीनशेच्या पुढे जातो. हे सारे वजन सहा चौरस फुटांवर, म्हणजे चौरस मीटरला सहाशे किलोंहून अधिक. राहत्या खोल्यांसाठी भारतीय मानकात (आयएस ८७५) चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार गृहीत धरतात. तरीही लगेच घाबरू नये. मानकातला भार पूर्ण खोलीवर पसरलेला असतो. १० बाय १२ च्या खोलीत तो दोन टनांच्या वर जातो. धडधाकट स्लॅब असा टँक सहसा पेलतो.

१९४० पूर्वीच्या अनेक इमारतींत मात्र जमीन लाकडी तुळयांवर असते. टँक भिंतीलगत आणि तुळयांना आडवा ठेवावा, म्हणजे वजन तीन-चार तुळयांवर विभागते, असा सल्ला दिला जातो. सल्ला योग्यच, पण तुळईची टोके शाबूत असतील तर! मुंबईच्या पावसात बाहेरची भिंत वर्षानुवर्षे झिरपते, मोरीचा पाइप गळतो आणि भिंतीत रुतलेले तुळईचे टोक आधी कुजते. वाळवीही ओल्या लाकडाकडेच वळते. मधला भाग ठणठणीत दिसतो आणि ज्या कोपऱ्यावर भरवसा ठेवायचा तोच पोकळ असतो. शिवाय पाहुणे रात्री निघून जातात, टँक वर्षानुवर्षे हलत नाही. सततच्या भाराखाली लाकूड हळूहळू वाकत राहते.

वाकलेली तुळई दिसते ती खालच्या बिऱ्हाडाच्या छताला. गिलाव्याची नवी भेग, छताचा फुगवटा, अचानक अडकू लागलेला दरवाजा याची पहिली खबर तिथे लागते. धोकाही त्यांनाच अधिक. म्हणून टँक घेण्याआधी खालच्या शेजाऱ्यांकडे जाऊन वर पाहावे. शंका वाटली तर संरचना अभियंत्याला बोलवावे. सुताराचा किंवा दुकानदाराचा अंदाज इथे पुरेसा नाही.

भेंडीबाजार, ऑगस्ट २०१७: ३३ मृत्यू. डोंगरी, जुलै २०१९: दहाहून अधिक. या इमारती फिशटँकने पडल्या नाहीत; पण जीर्ण इमारत कोसळली की माणसांचे काय होते, हे तिथे दिसले. ढिगाऱ्याखाली पाय तासन्‌तास चेपला तर स्नायू मरतात. दाब हटताच त्यांतील पोटॅशियम आणि मायोग्लोबिन रक्तात उतरते. हृदयाची लय बिघडते, मूत्रपिंडे बंद पडू शकतात. बोलत बोलत बाहेर काढलेला रुग्ण त्यामुळेच काही वेळात दगावू शकतो. १९४१ मध्ये लंडनच्या बॉम्बहल्ल्यांतील जखमींवरून एरिक बायवॉटर्स यांनी हे नोंदवले. म्हणूनच शक्य तिथे रुग्ण अडकलेला असतानाच सलाइन सुरू करतात.

फिशटँक ही निदान हौस आहे, नको म्हणता येते. चाळीतल्या पाण्याच्या पिंपांचे तसे नाही. पाणी ठरावीक वेळेलाच येते, म्हणून दोनशे लिटरची दोन पिंपे मोरीशेजारी, नेमकी ओल्या कोपऱ्यात, भरून ठेवलेली असतात. हा भार टँकपेक्षा जास्त, आणि तो ठेवणाऱ्याकडे पर्याय नाही. तीस वर्षांवरील इमारतींची संरचनात्मक तपासणी महापालिका कायद्याच्या कलम ३५३ ब प्रमाणे सक्तीची आहे. त्या तपासणीत पिंपांची जागा आणि त्यांखालच्या तुळईचे टोक आवर्जून पाहायला हवे, आणि तेही जूनच्या आधी.