शुश्रूषा म्हणजे मुलगी होणे नव्हे

वार्धक्याविषयी मराठीत जे लिहिले गेले, त्याचा मोठा भाग अपत्यांच्या कृतघ्नतेविषयी आहे. 'नटसम्राट' (१९७०) वर्गात शिकवले जाते तेव्हा मुलगा, सून, मुलगी यांच्या अपराधांची झाडाझडती होते; रस्त्यावर आलेल्या बेलवलकरांना आधार देणारा बूटपॉलिशवाला राजा समासातच राहतो. हीच दृष्टी घेऊन आपण वृद्धाश्रमात शिरतो आणि परिचारिकेकडे मुलीची माया मागतो. या मागणीलाच आमचा विरोध आहे.

गुहागरसारख्या गावातून तरुण माणसे मुंबई-पुण्यास जातात आणि मागे उरलेली एखादी वृद्धा वरच्या पाटातले घर बंद करून आश्रमात येते. नारळी-पोफळीची वाडी तिने एकटीने राखलेली असते. गावात ती कुणाची काकू, कुणाची शाळेतली बाई. आश्रमात मात्र पहिल्याच दिवशी ती सरसकट 'आजी' होते. "आजी, गोळी घेतलीस का?" विचारणारीच्या मनात मायाच असते, पण त्या एकेरी संबोधनात आपली सारी हयात पुसली गेली, असे ऐकणारीला वाटू शकते. दुसरीला तेच गोड वाटेल. कुणाला काय वाटते हे विचारल्यावाचून कळत नाही, आणि विचारीत कुणी नाही.

अमेरिकेत पॅट्रिशिया लार्सन यांनी १९८४ साली कर्करुग्णांना विचारले, परिचारिकेच्या कोणत्या वागण्यातून काळजी जाणवते? रुग्णांनी इंजेक्शन नीट देणे, उपकरणे हाताळता येणे यांसारख्या कौशल्यांना अग्रस्थान दिले. परिचारिकांनी मात्र ऐकणे, स्पर्श यांना वरचे स्थान दिले. ते रुग्ण आश्रमातले वृद्ध नव्हते, हे मान्य. तरी देणारीला वाटणारी माया आणि घेणाऱ्याला जाणवणारी काळजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे त्यातून कळते. कूस बदलताना न दुखवणारा हात आणि हाकेला वेळेवर मिळालेली ओ यांवर खाटेवरच्या माणसाची रात्र अवलंबून असते.

'शुश्रूषा' हे 'श्रु' धातूचे इच्छार्थक रूप. ऐकण्याची इच्छा हा त्याचा मूळ अर्थ. सेवेचा अर्थ त्यातूनच आला. रात्रपाळीत एकटीवर साऱ्या खाटा सोपवून तिच्याकडून या इच्छेची अपेक्षा करणे हा दांभिकपणा आहे. 'मुलगी' म्हटले की वेतनाचा प्रश्न परस्पर मिटतो, ही त्या गोड शब्दामागची सोय आम्हांस दिसते.

परिचारिकेला प्रशिक्षण, पगार आणि वेळ द्या. मग वृद्धेला एवढेच विचारायला तिला सवड मिळेल: तुम्हाला काय म्हणून हाक मारू?