दोष यंत्राचा कीं जागेचा?

कोणतेंही साधन रुसलें म्हणजे प्रथम त्यास नांवें ठेवावीं, मग तें विकणाऱ्यास ठेवावीं आणि अखेर नवें विकत आणावें, अशी आपणां सर्वांची रीत होऊन बसली आहे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या आपल्या उपनगरांत घरोघरीं लॅपटॉप आला आणि त्याबरोबर "रेंज येत नाहीं" ही तक्रारही आली. मार्च २०२० मध्यें शाळा बंद होऊन वर्ग पडद्यावर भरूं लागले, तेव्हां ही तक्रार करमणुकीपुरती राहिली नाहीं. ज्याचा सिग्नल तुटला त्याचा धडा बुडाला. म्हणून या दोषाचें निदान विद्यार्थ्यांनीं स्वतः करण्यास शिकलें पाहिजे, असें आमचें मत आहे.

निदानाचा आरंभ तुलनेनें करावा. लॅपटॉप राउटरशेजारीं नेऊन पाहावा. तेथेंही वेग मंद असेल तर दोघांस तारेनें जोडून पाहावें. तारेनेंही मंदच राहिला तर बहुधा दोष बाहेरून येणाऱ्या जोडणीचा किंवा राउटरचा होय, आणि कंपनीकडे तक्रार करण्यास आधार मिळाला. शेजारीं उत्तम व आंतल्या खोलींत मंद, तर दोष मधल्या जागेचा. त्याच जागीं मोबाइल नीट चालतो व लॅपटॉप तेवढा अडखळतो, तरच लॅपटॉपकडे वळावें: बॅटरीवर असतांना वीज वांचविण्यासाठीं त्याचें वाय-फाय कमी शक्तीनें चालतें काय, ड्रायव्हर जुना झाला आहे काय, हें पाहावें. मात्र एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. चार उपाय एकदम केले तर गुण कशानें आला हें कधींच कळत नाहीं.

पुष्कळदां दोष जागेचा निघतो. तार दाराशीं येते म्हणून राउटरही दाराशींच टांगला जातो, अथवा टीव्हीच्या मागें दडतो. मग तो व अभ्यासाचें टेबल यांच्या मध्यें लोखंडी कपाट, माळ्यावरील पाण्याची टाकी आणि सळ्या घातलेली काँक्रीटची भिंत येते. धातु या लहरी परतवितो, पाणी त्या शोषून घेतें. राउटर घराच्या मध्यभागीं, उंच व मोकळ्या जागीं आणावा. खर्च काय तो लांब तारेचा. शिवाय २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतींतून अधिक दूर पोंचतो. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान खरा, पण भिंतीपुढें लौकर थकतो. दूरच्या खोलींत पहिला घ्यावा, जवळ दुसरा.

कधीं पडद्यावर रेघा पूर्ण दिसतात, तरी काम सरकत नाहीं. तेथें शेजाराचा विचार करावा. २.४ च्या पट्ट्यांत एकमेकांस न अडविणारीं चॅनेल सामान्यतः तीनच धरतात: १, ६ व ११. घाटकोपरच्या टेकडीवर भिंतीस भिंत लागलेलीं घरें किंवा मुलुंडच्या उंच इमारतींतील बिऱ्हाडें, सर्वांची गर्दी तेवढ्याच वाटांवर होते. मायक्रोवेव्ह शेगडीही त्याच पट्ट्यांत गोंधळ घालते. शेजाऱ्यांनीं आपसांत चॅनेल वांटून घेतलीं तर सर्वांचाच लाभ आहे.

कोणी म्हणेल, हें तंत्रज्ञाचें काम. आपण कशास शिणावें? परंतु २ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबई दूरदर्शन सुरू झालें, त्यानंतरच्या काळांत चित्र अंधुक झालें म्हणजे लोक नवा संच आणावयास धांवत नसत. एक जण गच्चीवर जाऊन ॲन्टेना फिरवी आणि दुसरा खिडकींतून "आलें, आलें" म्हणून ओरडे. लहरींस दिशा असते, अडथळा असतो, हें ज्ञान त्या पिढीस शाळेंत न जातांही होतें. आपण तर विज्ञान शिकतों!

ज्या घरांत नवा लॅपटॉप हप्त्यांवर घ्यावा लागतो, त्या घरांत ही अर्ध्या तासाची तपासणी म्हणजे कित्येक महिन्यांची बचत ठरूं शकते. तेव्हां विद्यार्थिमित्रांनो, वडिलांजवळ हट्ट धरण्यापूर्वीं आपला राउटर कोठें व कशाच्या आड आहे, तें एकदां पाहून या.