चित्रपटाचे रसग्रहण

चित्रपट पाहणे कोणाला आवडत नाही? चित्रपटगृहातून बाहेर पडताच जो तो आपले मत सांगू लागतो. कोणी म्हणतो, "फारच सुंदर!" कोणी म्हणतो, "अगदीच कंटाळवाणा!" परंतु "का बरे?" असे विचारले, की बहुतेकजण गप्प बसतात. महाविद्यालयात चित्रपटावर निबंध लिहावा लागतो, तेव्हा पुष्कळ विद्यार्थ्यांची अशीच स्थिती होते. मग ते पहिल्यापासून शेवटपर्यंत कथा उतरवून काढतात, अखेरीस स्तुतीची दोन वाक्ये जोडतात आणि निबंध पुरा झाला असे मानतात. पण कथा सांगणे म्हणजे रसग्रहण नव्हे. कथा मनाला जाऊन भिडली ती कशामुळे, हे दाखवून देणे म्हणजे रसग्रहण.

एक उदाहरण पाहावे. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या कादंबरीवरून सत्यजित राय यांनी 'पथेर पांचाली' हा बंगाली चित्रपट काढला. तो १९५५ साली प्रदर्शित झाला. बंगालमधील एका खेड्यात राहणाऱ्या गरीब कुटुंबाची ही कथा आहे. त्या घरात अपू हा लहान मुलगा आणि दुर्गा ही त्याची थोरली बहीण. शेजाऱ्यांकडील मण्यांची माळ चोरल्याचा आळ दुर्गेवर येतो. ती नाही म्हणते, तरी आईचा मार तिला खावा लागतो. पुढे पावसात भिजल्यावर ती तापाने फणफणते आणि त्यातच दगावते. कुटुंब गाव सोडून निघते, त्या वेळी घरातल्या फळीवर लपवलेली तीच माळ अपूच्या हाती लागते. तो धावत तळ्याकाठी जातो आणि माळ पाण्यात फेकून देतो.

इथवर झाली ती कथा. आता ते दृश्य पुन्हा डोळ्यांसमोर आणावे. अपू एक शब्दही बोलत नाही. माळ पडते तेथील शेवाळ दुभंगते, क्षणभर काळे पाणी दिसते आणि शेवाळ हळूहळू पुन्हा मिटते. जणू ते तळेच बहिणीचे गुपित पोटात घालते! हे ज्याने टिपले, त्याच्या रसग्रहणाला आरंभ झाला.

मग प्रश्न उभा राहतो : अपूने माळ का फेकली? बहिणीच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून, असे एकजण लिहील. ती माळ पाहणेच त्याला असह्य झाले असावे, असे दुसरा लिहील. दोघांचीही उत्तरे मान्य करावीत. मात्र त्यांनी आपला आधार चित्रपटातूनच दाखवला पाहिजे.

डोळ्यांप्रमाणे कानही जागे असावेत. दुर्गा गेली हे ठाऊक नसलेले वडील परगावाहून परततात आणि तिच्यासाठी आणलेली साडी काढून दाखवतात. आईचा बांध फुटतो. पण तिचा आक्रोश ऐकू येत नाही. त्याच्या जागी तारशहनाईचे तीव्र स्वर उठतात. या चित्रपटाला रविशंकर यांचे संगीत आहे. रडण्याहूनही ते स्वर अधिक का बोचतात, याचा विचार करणारा विद्यार्थी एका दृश्यावरदेखील पानभर लिहू शकेल.

अशी चिकित्सा केल्याने आनंद नाहीसा होतो, असा आक्षेप कित्येकजण घेतात. तो बरोबर नाही. रागाची ओळख असलेल्या श्रोत्याला गाणे कमी गोड लागते काय? उलट, त्याचा आनंद दुणावतो. चित्रपट पहिल्यांदा मनमोकळेपणाने पाहावा; दुसऱ्यांदा जवळ वही ठेवून पाहावा. जे मनात घर करून राहिले त्यातून एकच मुद्दा निवडावा आणि दोनतीन दृश्यांच्या आधाराने तो मांडावा.

आणखी एक पथ्य आहे. 'पथेर पांचाली'ला १९५६ साली फ्रान्समधील कान येथील महोत्सवात पारितोषिक मिळाले. परंतु पारितोषिक मिळाले म्हणून चित्रपट चांगला, असे लिहिणे म्हणजे दुसऱ्याचे मत उसने घेणे होय. एखाद्याला हा चित्रपट संथ वाटला, तर त्याने तसे निर्भयपणे लिहावे. पण तो कोठे रेंगाळला आणि त्याने काय बिघडले, हेही सांगावे. कारण दिल्यावाचून केलेली निंदा आणि कारण दिल्यावाचून केलेली स्तुती, दोन्ही सारख्याच पोकळ.

ही सवय केवळ परीक्षेपुरती नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, अशा रीतीने चित्रपटावर मत देणारा उद्या माणसांविषयीही तसेच बोलेल. शेजारी काय म्हणतात, एवढ्यावरच तो एखाद्याला चोर ठरवील, एखाद्याला साव. आधी नीट पाहावे, मग पुरावा शोधावा आणि त्यानंतरच बोलावे, हे ज्याला साधले, त्याच्या शब्दाला किंमत येते.