स्कॅन स्वच्छ आल्यावर

पवईच्या आयआयटीत विकसित झालेल्या ‘नेक्सकार19’ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर 2023मध्ये मंजुरी मिळाली. चाचण्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉक्टरांनी केल्या. रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी काढायच्या, त्यांना कर्करोगाच्या पेशींवरचं सीडी19 हे प्रथिन ओळखायला शिकवायचं आणि पुन्हा शिरेतून सोडायच्या. केमोथेरपीला न जुमानणारा लिम्फोमाही त्यामुळे अनेकांच्या शरीरातून नाहीसा झाला. सगळ्यांच्या नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं.

घरी रुळणं मात्र सावकाशच.

सीडी19 संसर्गाशी लढणाऱ्या निरोगी बी-पेशींवरही असतं; सुक्याबरोबर ओलं जळावं तशा त्याही जातात. म्हणून स्कॅन स्वच्छ आला तरी कित्येक महिने संसर्गाची धास्ती असते. गर्दीची लोकल, नाक्यावरची पाणीपुरी तूर्त लांबच. पेढे घेऊन भेटायला जाणाऱ्यांनी मास्क लावावा. सर्दी असेल तर फोनच करावा.