स्त्री-शंकराचार्यांची प्रतीक्षा

१९३२ च्या अखेरीस विनोबा वर्ध्यालगतच्या नालवाडीत, बहुतांशी दलित वस्तीच्या त्या खेड्यात, राहावयास गेले आणि सूतकताईच्या मजुरीवर निर्वाह करू लागले. पुढे १९५९ साली जवळच्याच पवनारला त्यांनी स्त्रियांसाठी ब्रह्मविद्यामंदिर स्थापिले. शास्त्रे पुरुषांनी रचली; शंकराचार्यांच्या तोलाची ज्ञानवैराग्यसंपन्न स्त्री निपजल्याखेरीज स्त्रीची मुक्ती नाही, अशी त्यांची धारणा होती.

अशी स्त्री आज नालवाडीच्याच एखाद्या मजुराच्या घरी जन्मली, तर धर्मसंस्था तिचे काय करतील?

स्त्रीच्या मुखातून देव बोलतो, हे आपल्या समाजाला मुळीच अमान्य नाही. बाईच्या अंगात आले की घरचा कर्ता पुरुषही तिच्यापुढे हात जोडतो. मात्र ती वाणी देवीची असते, बाईची नसते. वारे ओसरले की बाई पुन्हा चुलीपाशी. खरा पेच पडतो तो शुद्धीवर असलेली स्त्री ‘हे मी सांगते’ असे म्हणू लागते तेव्हा. ब्राह्मण कुळातल्या बहिणाबाईंनी सतराव्या शतकात तुकोबांना गुरू मानले, तेव्हा पतीने केलेली मारहाण त्यांच्याच आत्मचरित्रपर अभंगांत नमूद आहे. आज ती कथा कीर्तनात भक्तिभावाने सांगितली जाते; मृत संत स्त्री कोणालाच अडचणीची नसते.

मग स्त्रीला अधिकारपद दिले की भागले काय? शनिशिंगणापूरच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्षपद जानेवारी २०१६ मध्ये प्रथमच एका महिलेकडे आले, आणि चौथऱ्यावर स्त्रियांनी चढू नये ही रूढी त्यांनीही उचलून धरली! एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतरच मंडळ नमले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हाजी अली दर्ग्याच्या विश्वस्तांनाही न्यायालयाने स्त्रियांवरील बंदी उठविण्यास सांगितले. देव निराळे, परंतु विश्वस्तांची भाषा एकच. रूढी राखणारी स्त्री त्यांना खुर्चीवर चालते. रूढी मोडणारी, त्यातून दलित, त्यातून दानपेटीचा हिशेब विचारणारी आली, तर तिला पाखंडी ठरविण्यासाठी सारे धर्ममार्तंड एकत्र येतील. वेडी ठरविणे तर त्याहून सोपे.

पवनारच्या भगिनींनी १९८२ साली विनोबांच्या निधनानंतर कोणा एकीला पीठावर बसविले नाही. त्यांनी श्रम वाटून घेतले आणि निर्णय सर्वसंमतीने करण्याची रीत राखली.